नमुन्याची खिडकी

मी खिडकी बोलतेय. पण मला घर नाही, भिंतही नाही. कारखान्यात मोठ्या खिडक्या कापून उरलेले ॲल्युमिनियमचे तुकडे जोडून मला केलं, दोन काचा बसवल्या, वर धरायला कडी लावली. पेटीत मावेन एवढीच मी. विक्रेत्यांनी मला घरोघरी न्यायचं आणि लोकांना दाखवायचं, एवढ्यासाठी माझा जन्म.

माझे पहिले धनी कॅप्टन. विक्रीत सगळ्यांच्या पुढे, म्हणून ऑफिसनं त्यांचं ते नाव पाडलेलं. ते बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार व्हायचा. एका खोक्यात मोबाइल वाजत ठेवायचा, खोक्याच्या तोंडावर मला बसवायचं आणि माझी झडप खटकन लावायची. आवाज गडप! लोक थक्क व्हायचे, आणि मीही फुगायचे.

पुढे कॅप्टन टीमचे प्रमुख झाले. खुर्ची बदलली, खोड बदलली नाही. हाताखालचं माणूस गिऱ्हाइकाशी बोलत असलं की यांचा जीव खालीवर. "थांब, मी दाखवतो," म्हणत मला त्याच्या हातातून ओढून घ्यायचे. विक्री व्हायची, पण ते माणूस दारात बूट घालताना मान वर करायचं नाही.

मग मी नवीन आलेल्या एका बाईंच्या हाती पडले. त्या सावकाश बोलत, मध्येच गप्प बसत. ऑफिसनं लगेच त्यांना 'सावकाशताई' करून टाकलं. त्या मला पेटीतून लवकर काढतच नसत. आधी घरातल्यांना पोटभर बोलू देत. मला तर रागच यायचा.

एकदा आम्ही हमरस्त्याला लागून असलेल्या एका घरी गेलो. सोबत कॅप्टनही होते. महिना संपत आला होता आणि टीम मागे पडली होती. घरातल्या आजींना गाड्यांच्या आवाजानं झोप लागत नव्हती. आजोबांची दृष्टी गेलेली. ते बाहेरच्या खोलीत खिडकीला टेकून बसले होते.

"आजोबा, दिवसभर इथंच बसता?" ताईंनी विचारलं.

"हो ना. शाळा सुटली, समोरच्या शिंप्यानं शटर वर केलं, सगळं इथूनच कळतं."

ताई आजींकडे वळल्या. "मग मला वाटतं, फक्त झोपायच्या खोलीतच..."

"थांबा हो," म्हणत कॅप्टननी मला उचललंच. खोकं, मोबाइल, खटका, सगळं झालं. "आजी, अर्धवट काम कशाला? आणि या खोलीत तर अख्खी एकच काच बसवू. उघडायला नको, धूळ नको, कटकट नको!"

आजी हरखून गेल्या. आजोबांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तोवर मापाची टेप निघालीसुद्धा.

ऑफिसात टाळ्या पडल्या. कॅप्टन सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, नुसतं ऐकत बसलो तर दुकानाला कुलूप लावावं लागेल!" सगळे हसले. ताईही हसल्या. पण त्यानंतर त्यांनी हिशेब विभागात बदली मागून घेतली, आणि मी पुन्हा कॅप्टनकडे आले.

थंडीत कॅप्टन त्या घरी गेले. काम कसं झालंय बघावं, जमल्यास शेजाऱ्यांनाही गाठावं, म्हणून मी सोबत. आजोबा बाहेर पायरीवर, अंगाभोवती घोंगडं घेऊन बसलेले.

"अहो, एवढ्या गारठ्यात बाहेर?"

आजोबांनी आवाज ओळखला. "या, या. आत करमत नाही हो. घर कसं मुकं झालंय. हिला छान झोप लागते, म्हणून मी काही बोलत नाही."

"मला तेव्हाच सांगायचंत ना!"

"सांगणारच होतो. तुम्ही बोलत होतात."

आवाजात राग नव्हता. म्हणूनच कॅप्टनना ते बोलणं सोसवलं नाही. ते तिथंच पायरीवर बसले, पेटी मांडीवर घेऊन. शेजाऱ्यांकडे ते गेलेच नाहीत.

कारखान्याशी भांडून त्यांनी ती काच काढवली, उघडणारी खिडकी बसवून दिली. मग ते हिशेब विभागात ताईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"त्या दिवशी मी तुमचं वाक्य तोडलं. तुम्हाला सगळं कळलं होतं ना?"

"कळलं होतं, सर. पण मी गप्प बसले. त्याची रुखरुख मलाही आहे."

"गप्प मी बसवलं तुम्हाला. वर चारचौघांत हसलो. चुकलं माझं. टीममध्ये परत याल?"

ताईंनी समोरची वही जवळ ओढली. "नको, सर. आकडे बरे. ते मध्ये बोलत नाहीत."

त्या परत आल्या नाहीत. कॅप्टननी मात्र पुढच्या मीटिंगमध्ये सगळं सांगितलं, स्वतःच्या त्या विनोदासकट. या वेळी कुणी हसलं नाही.

तेव्हापासून ते नव्या माणसासोबत जातात तेव्हा माझी पेटी स्वतः उचलतात आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतात. मध्येच त्यांचे ओठ हलतात, मग ते दात आवळतात. एखादी विक्री हातची जाते, जाऊ देतात. कधी हिशेब विभागावरून जाताना त्यांचं पाऊल अडखळतं. ताई मान वर करून हसतात, पुन्हा कामाला लागतात.

मी आता कपाटावर असते. झडप सैल झालीय, काचेत धुरकट डाग पडलाय. आजोबांनी पायरीवर काकडत काढलेले दिवस आठवले की मला माझ्या त्या खटक्याची लाज वाटते. मला मोडीत काढलंत तरी तक्रार नाही. माझ्या जागी दुसरी येईलच. फक्त तिला पेटीबाहेर काढण्याआधी समोरच्याचं बोलणं पुरतं होऊ द्या.