अर्धी लादी

वाचकहो, दोन आळ्यांच्या वैरात एक तरुण कामी आल्यावर त्याच्या घरी बर्फाच्या एका लादीवरून जे घडले, ते येथे यथामती कथन करण्याचे योजिले आहे. कोणाचाही कैवार घेण्याचा हेतू नाही.

सुतार हातगाडीवरील लादीवर मुठीमुठीने लाकडाचा भुसा पसरत होता. वीज तोडलेली असल्याने बर्फाचा कारखाना मूक झाला होता व ही लादी अखेरचीच होती. त्याच्या धाकट्या भावाचा देह घरी होता. संचारबंदीमुळे अंत्ययात्रेची परवानगी दुसऱ्या दिवशीची मिळाली होती; परगावी दिलेली बहीणही तेव्हाच पोहोचणार होती. "तिला तोंड बघू दे त्याचं," एवढेच आईने मागितले होते. ऊन तर अंग भाजून काढीत होते.

इतक्यात पलीकडच्या आळीतील एक बाई खांद्यावर मूल टाकून धावत आली. मुलाची मान लुळी पडली होती.

"बर्फ द्या हो! तव्यासारखं तापलंय. झटके येतायत. दवाखान्याकडे सोडत नाहीत कुणाला."

"संपला," कारखान्याचा रखवालदार म्हणाला. "शेवटची लादी यांची. यांच्याकडे मयत आहे."

बाईने सुतारास ओळखले. ती मागे सरकली, परंतु गेली नाही.

सुतार म्हणाला, "तू त्या लोहाराची भावजय ना? माझ्या भावाला ज्यानं मारलं त्याची?"

"हो."

"मग दिराकडे जा की. हात चांगला चालतो त्याचा."

"तोंड काळं करून गेलाय तो. दादा, काय बोलायचं ते उद्या बोला. उद्या मी उभी राहीन तुमच्यापुढे. आज हे..."

"मेलेल्याला गारवा अन् जित्याला ताप," रखवालदार पुटपुटला. "देवाच्या कारभाराला मुकादम नाही, हेच खरं."

सुताराने दोरी सोडली. पटाशी लावून लादी मधोमध फोडली व अर्धा तुकडा गोणपाटात गुंडाळून दिला.

"कुणी दिला ते बोलू नकोस."

घरी येताच त्याने सर्व हकिकत आईच्या कानात सांगितली. आईने देहावरचे कापड सारखे केले.

"जगेल का ते?"

"काय माहीत."

दुसऱ्या दिवशी बहीण आली तेव्हा खिडक्या उघड्या असूनही खोलीत उभे राहवत नव्हते. तिने भावाच्या तोंडावरील कापडास हात घातला. आईने तिचे मनगट धरले.

"नको बाळा. तो आता तसा राहिला नाही."

"का? बर्फ नव्हता आणला?"

चुलता कोपऱ्यातून उठला.

"आणला होता की! कारखान्यातून लादी अख्खी निघाली म्हणतात, आणि इथं बघतो तर अर्धी. बाकीची कुठं गेली रे? पलीकडे? तसं असेल तर आधी तुझाच निकाल लावू."

दारातील मंडळींपैकी एकाने भिंतीशी टेकविलेली काठी हातात घेतली. सुताराने ओठ उघडले.

"मी खाल्ली," आई म्हणाली.

"काय?"

"नळ बंद, घागर कोरडी. तहान लागली होती मला. फोडफोडून खाल्ली."

"वहिनी, पोराचं प्रेत समोर असताना?"

"हो. प्रेत समोर असताना. जीव मेला वाळत होता. थुंका माझ्यावर."

चुलता उंबऱ्याबाहेर थुंकला व निघून गेला. काठी पुन्हा भिंतीशी टेकली. सुतार पुढे झाला, तो आईने डोळ्यांनीच त्याला जागच्या जागी थांबविले.

बहिणीने आपले मनगट हळूच सोडवून घेतले. मग ती आईकडे न पाहता उठली आणि पलीकडे, भावाच्या पायांशी जाऊन बसली.

येथे हकिकत संपली. शब्दांत उणे-अधिक झाले असल्यास पोटात घालावे. आपण आपला वेळ दिलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
दादा वखारवाले