प्रतिभाच्या नावाचं पत्र

माझी बायको प्रतिभा गेली हे मला जांभूळ गावी, पाण्याच्या पंपावर ड्युटीत असताना कळलं. बदलापूरच्या दवाखान्यातून फोन आला. डोक्यात रक्तस्राव. तिने सकाळी दिलेला डबा मी अजून उघडलाही नव्हता.

डोंगरातल्या वाडीत ती बालवाडी चालवायची. मुंबईच्या एका ट्रस्टने मदत मंजूर केली, तेव्हापासून तिथल्या नेत्रा मॅडमना दर महिन्याला हाताने पत्र. आधी काय बिघडलं ते, मग काय जमलं ते.

"वाईट कशाला कळवतेस? मदत बंद करतील," मी म्हणायचो.

"दुसऱ्याकडून कळलं तर करतील."

ती गेल्यावर ट्रस्टला कळवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. दीड महिन्याने मॅडमचा फोन आला.

"प्रतिभाताई आहेत? कालच त्यांचं पत्र मिळालं. छप्पर गळतंय म्हणतात. पुढच्या वर्षाच्या मदतीचं ठरवायचंय, सोमवारी वाडीवर येते."

"ती बाहेर गेलीय," म्हणालो आणि फोन ठेवला.

तसाच वाडीवर गेलो. बालवाडीची मदतनीस चंद्री पोरांना खिचडी वाढत होती. मला बघून तिच्या हातातला डाव थांबला.

"मीच लिवलं, दादा. बाय गेली कळलं तर शाला बंद करतील, म्हून."

"आणि अक्षर? मॅडमनी ओळखलं नाही?"

"बाय जायच्या आदी चार महिने मीच लिवत होते. बाय सांगायची. तिचा हात कापायचा ना."

चार महिने. मी त्याच घरात राहत होतो.

"मला बोलली नाही," एवढंच निघालं तोंडातून.

"तुमी ड्युटीवरून दमून येता, बोलायची."

मी विचारलं, "पत्रात आधी काय लिहायचं, शिकवलं होतं तिने?"

"बिघडलेलं."

"मग सगळ्यात मोठं बिघडलेलं गाळलंस की, चंद्री."

ती रडायला लागली. मी तिथूनच मॅडमना फोन लावला. प्रतिभाचं सांगितलं, चंद्रीचं सांगितलं, मीही सकाळी खोटं बोललो तेही सांगितलं.

"दीड महिना?" मॅडम म्हणाल्या. मग आवाज सावरून, "सोमवारी येते मी. पण हे लेखी द्या. ट्रस्टींपुढे ठेवावं लागेल. ते काय ठरवतील, मी आज सांगू शकत नाही."

आज रविवार. कागदावर तारीख घातली आहे, मॅडमचं नाव लिहिलं आहे. प्रतिभा गेली, हे लिहायचं राहिलं आहे.