पैकीच्या पैकी

धुळ्याच्या एका आरोग्यसंस्थेच्या सुनंदाबाई नरडाण्याच्या आसपासच्या खेड्यांत गरोदर बायकांची बैठक घ्यायच्या. बैठक कसली, भिकुबाईच्या ओसरीवर शेंगा फोडता फोडता चाललेल्या गप्पाच त्या! पण बोलता बोलता बाईंचं लक्ष सगळ्यांच्या पायांवर असायचं. एखादीच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि खळगा तसाच राहिला, की तिला तिथूनच उठवून दवाखान्यात न्यायच्या. मग सासू कितीही फणफणू दे.

पुढे संस्थेत नवे साहेब आले. ओसऱ्यांवर बसायचे दिवस गेले म्हणे! आता घरच्या फोनवर व्हिडिओ जाणार, शेवटी प्रश्न येणार, उत्तरं दिली की झालं शिक्षण. सुनंदाबाई म्हणाल्या, "साहेब, फोनला पाय दिसत नाहीत." साहेब नुसते हसले. कोणाच्या घरी काय पाहिलं गेलं ते बघायला त्यांनी बाईंना ऑफिसात बसवलं. बाई चडफडल्या, पण नोकरी टिकवायची होती.

आणि पहिला नंबर कोणाचा यावा? भिकुबाईच्या सुनेचा, रूपालीचा! एकही व्हिडिओ चुकला नाही, उत्तरांना पैकीच्या पैकी मार्क. पहिलटकरीण पोर किती मन लावून शिकतेय, म्हणून बाईंना अगदी भरून आलं. आपण साहेबांना उगाच नावं ठेवली, असंही वाटून गेलं.

आठव्या महिन्यात रूपालीला झटके आले. धुळ्याला आणेपर्यंत पोटातलं बाळ गेलं होतं. ती तेवढी वाचली.

कळल्याबरोबर बाई दवाखान्यात धावल्या. व्हरांड्यात रूपालीचा नवरा हेमराज भिंतीला टेकून बसला होता.

"अरे, आधी पाय सुजले असतील, डोकं दुखलं असेल..."

"डोळ्यांसमोर अंधारी, पोटात वरच्या बाजूला कळ," तो घडाघडा म्हणाला. "सगळं पाठ आहे, बाई. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मीच बघायचो. उत्तरंही मीच द्यायचो."

"मग तिला विचारलं का नाहीस, मेल्या?"

"आईसमोर कसं विचारणार? बायकांच्या गोष्टी त्या." त्याला रडू फुटलं. "डोकं दुखतं म्हणत होती. आई म्हणाली, ऊन लागलं असेल."

त्याच्या एक मुस्काटात ठेवून द्यावी, असं बाईंना वाटलं. पण कोणत्या तोंडाने? मार्क बघून हरखल्या होत्या त्या स्वतःच ना! जळलं मेलं ते पैकीच्या पैकी.

आत खाटेवर रूपाली होती. बाईंना बघताच तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"अक्का, तुम्ही काबर उन्यात नही? मना पाय सुजेल व्हतात. मी तुमनी वाट देखी."

"अगं, येणं बंद झालं, पण फोनवर पाठवत होतो ना सगळं."

रूपालीने बाहेर बसलेल्या नवऱ्याच्या दिशेने बोट केलं.

"फोन तर त्यास्ना शे, अक्का."