डोंगराचा नवस

एकोणीसशे अडतीसच्या चैत्रात आमच्या पश्चिमेचे डोंगर आठ दिवस जळत होते. निपाणीहून बेळगावकडं जाणाऱ्या सडकेवरचं आमचं गाव लहान, पण तंबाखूच्या वखारी मोठ्या. एक ठिणगी पडली असती तर सगळं संपलं असतं. नगरपालिकेचा आगीचा बंब म्हणजे बैलगाडीवर बसवलेला हातपंप आणि त्याच्यावर आम्ही पाच गडी. मुकादम गुंडू अण्णा. मी, रवळू, त्यांच्या हाताखालचा. उठता बसता शिव्या घालून मला माणसात आणलं ते त्यांनीच.

वणवा गावात उतरायच्या आत तयारी करायची होती. पश्चिमेच्या पायथ्याला गवत कापून, माती खरवडून आम्ही दहा हात रुंद मोकळा पट्टा काढत होतो. घरोघरी पिंपं भरून ठेवायला सांगितलं होतं. एरवी लोक बंबाची टर उडवायचे, दसऱ्याला धुऊन मिरवायची वस्तू म्हणायचे. त्या आठवड्यात मात्र हीच माणसं आम्हाला चहा विचारायला लागली.

घरी माझ्या आईची, रुक्माबाईची, वेगळीच तयारी चालली होती. आमच्याकडची जुनी माणसं डोंगराला जाळ दाखवायचा नवस बोलतात. माथ्यावरच्या देवापुढचं गवत पेटवायचं, नारळ फोडायचा आणि मागं वळून न बघता खाली उतरायचं. वळून बघितलं तर फेडलेला नवस फुकट जातो म्हणतात. मला नोकरी लागावी म्हणून तीन वर्षांपूर्वी आई हा नवस बोलली, आणि नोकरी लागली ती नेमकी बंबावर. मी पोट धरून हसलो होतो. आग विझवणाऱ्याची आई डोंगर पेटवायला निघाली तर लोक तोंडात शेण घालतील, असं सांगून दर उन्हाळ्याला मी तिला थोपवत आलो होतो.

या खेपेला ती ऐकेना. डोंगर आपोआप जळतात म्हणजे देवानंच आठवण दिली, आणि अजून टाळलं तर तो पोरगाच मागून घेणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"तू जाळात जाणार, आन् माझा नवस तसाच. मला घास गिळत न्हाय रं," ती म्हणाली.

पाऊस पडून गेल्यावर बघू, असं मी म्हणालो. ती उठून चुलीकडं गेली. मला वाटलं, पटलं. एवढा घोडा झालो होतो, तरी मला माझी आई कळली नव्हती.

मंगळवारी दुपार कलताना धूर दिसला तो पूर्वेला, आमच्या देवाच्या डोंगरावर. आमची सगळी तयारी पश्चिमेला, आणि जाळ आला पाठीमागनं. चढणीवर बंब चालेना. अण्णांनी बैल सोडायला लावले, ओली पोती आमच्या खांद्यावर टाकली आणि आम्हाला ओळीनं वर नेलं. ओल्या डहाळ्यांनी आम्ही जाळ झोडपत होतो. मध्येच वारं फिरलं. अण्णांनी मला ओढ्याच्या घळीत ढकललं. ते स्वतः घळीपर्यंत पोचले नाहीत.

दिवस मावळताना जाळ सडकेपाशी येऊन थांबला. एकही वखार गेली नाही. पश्चिमेचा वणवाच फिरून आला, असं गाव म्हणालं.

घरी आलो तर आई उंबऱ्यात बसली होती. तिच्या लुगड्याच्या काठाला राख लागलेली. माझं तोंड, हात, पाय तिनं चाचपून बघितले आणि ती रडायला लागली.

"दुपारीच फेडून आले. मूठभर गवत पेटवलं, वर तांब्याभर पाणी बी वतलं. मागं वळून बघितलं न्हाय बघ. म्हणून तू आलास."

तिनं खरंच बघितलं नव्हतं. अण्णा कशानं गेले हे सगळ्या गावात एकट्या मला कळलं, आणि ती माझ्यापुढं प्रसादाचं खोबरं धरून बसली होती. मी ते खाल्लं. सांगितलं असतं तर तिनं विहीर जवळ केली असती. न सांगून मी अण्णांशी बेइमानी करत होतो. दोन्ही मला ठाऊक होतं, आणि मला माझी लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी मी आईला घेऊन अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला, जयावहिनींना, मी एवढंच सांगू शकलो की अण्णांनी मला ढकललं, म्हणून मी जिवंत आहे. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. त्या आईकडं वळल्या.

"आक्का, तुमी नवस बोलला, वेळेला फेडला, म्हणून रवळू माघारी आला. मी कवा काय बोललेच न्हाय. माझीच चूक झाली."

नगरपालिका त्यांच्या थोरल्याला, शामूला, अण्णांच्या जागी घेणार होती. ते सांगून वहिनी म्हणाल्या, "आता त्याच्यासाठी मी बी नवस बोललेय. त्याच डोंगराला."

आई त्यांच्या पाठीवरनं हात फिरवत होती. "गवत वाढलं की फेडून टाक. माझ्यागत उशीर लावू नगंस," ती म्हणाली. "ह्यो रवळू येईल तुला वर घेऊन."

वहिनींनी डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. मी येतो म्हणालो.