देवीच्या वस्त्रातला दैत्य

अथेन्सच्या देवीला दर उन्हाळ्यात नवं वस्त्र चढायचं. केशरी रंगाचं, आणि त्यावर देवीनं दैत्यांना लोळवल्याची लढाई विणलेली. घोडे, रथ, ढाली कुणीही विणाव्यात, पण अथेनाचा चेहरा विणायचा तो निकारेतेनंच. गडावर, देवळाच्या मागच्या अंगाला माग मांडलेले असत. मोठ्या घरच्या मुली तिथं विणायला यायच्या आणि निकारेते त्यांच्यावर नजर ठेवायची. तिचा नवरा गोदीत सुतार होता. डोलकाठी अंगावर पडून गेला. तेव्हापासून या मागांच्या जिवावरच तिनं दोन लेकरं वाढवली, थोरला अरिस्तिओन आणि धाकटी मेलित्ता.

लेकरांना झोपवताना सांगायला तिच्यापाशी एकच खजिना होता, देवीच्या गोष्टी. ही बापाच्या कपाळातून बाहेर पडली ती चिलखत घालून, भाला परजतच. घोड्याला लगाम हिनं दिला, ऑलिव्हचं झाड हिनं दिलं, पहिला माग हिनं उभा केला. युद्धाचा देव नुसता रक्ताला चटावलेला. ही मात्र आधी डोकं चालवते आणि मग भाला. बासरीसुद्धा हिनंच शोधून काढली, पण वाजवताना गाल फुगतात हे पाण्यात दिसलं तशी दिली भिरकावून. या गोष्टीला मेलित्ता खदखदून हसायची. अरिस्तिओनला मात्र देवीचं रूप बदलणं आवडायचं.

"म्हणजे ती कुणीही होते?"

"कुणीही. म्हातारा होईल, धनगर होईल, तुझा एखादा दोस्तसुद्धा होईल. लढाईत जो एकटा पडतो ना, त्याच्यापाशी ती ओळखीच्या माणसाच्या रूपानं येते."

"मग ओळखायची कशी?"

"डोळ्यांवरून. तिचे डोळे घारे. ते काही बदलत नाहीत."

शेजारच्या गल्लीतल्या डामिसचे डोळे घारे होते. झालं, त्या दिवसापासून अरिस्तिओननं त्याला 'देवीबाई' करून टाकलं. दोघं मोठे झाले, बापासारखाच अरिस्तिओन गोदीत सुतारकामाला लागला, डामिस दोर वळायला, तरी ते नाव काही सुटलं नाही.

मग दूर उत्तरेत थ्रेसकडची मोहीम निघाली आणि दोघांची नावं एकाच जहाजावर लागली. निकारेते बंदरावर पोचवायला गेली होती. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं आणि ती रडली नाही. मुलाच्या खांद्यावरची पडशी उगीच सारखी करत म्हणाली, "एकटा पडलास तर घाबरायचं नाही. ती येईल. मी तिचं काम करते रे, ती माझ्या मुलाला विसरायची नाही."

"येऊ दे की. पण आधीच सांगून ठेव तिला, माझ्या वाटच्या ऑलिव्हला हात लावायचा नाही. या देवीबाईनं आत्तापासून पडशीवर डोळा ठेवलाय."

डामिसनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. दोघं हसत फळीवरून जहाजावर चढले.

हिवाळ्यात बातमी आली. थ्रेसमध्ये आपली माणसं कापली गेली होती. सापडलेल्यांना तिथंच अग्नी देऊन हाडं तेवढी परत आणली. शहरानं अंत्ययात्रा काढली. सायप्रसच्या लाकडाच्या पेट्या गाड्यांवर ठेवल्या होत्या, आणि मागून एक रिकामी तिरडी खांद्यावर चालली होती, चादर अंथरलेली. जे सापडलेच नाहीत त्यांच्यासाठी. निकारेते आणि मेलित्ता त्या तिरडीमागून चालल्या. आजूबाजूच्या बाया छाती बडवून रडत होत्या. निकारेतेला रडायचं कुणाकडे बघून ते कळेना. चादरीची घडी एका कोपऱ्याला मोडली होती. तिथंच ती सारखी बघत राहिली.

सापडला नाही म्हणजे मेलाच असं थोडंच आहे, असं ती घरी येऊन म्हणाली.

वसंतात डामिस परत आला. कैदेतून सुटून, पायी, वाळून कोळ झालेला. सरळ निकारेतेच्या दारात येऊन उभा राहिला. तिनं त्याला हाताला धरून आत घेतलं, पाणी घातलेला द्राक्षरस दिला, सुकी अंजिरं पुढं ठेवली. तो अंजिराला हात लावेना.

"मावशी, तो गेला."

"तू बघितलंस?"

"बघितलं. म्हणजे... जाताना नाही बघितलं."

"नीट सांग."

डामिस जमिनीकडे बघत सांगू लागला. रांग मोडली तशी सगळे ओढ्याच्या दिशेनं धावले. अरिस्तिओनच्या मांडीत भाला घुसला होता, तो ओढ्यातल्या दगडांत पडला. डामिस पुढं निघून गेला होता. लक्षात आल्यावर मागं फिरला.

"फिरलास ना? फिरलास ना मागं?"

"फिरलो, मावशी. खांद्यावर घेईन म्हणून फिरलो. त्यानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा असा उजळला... इतकं रक्त गेलं होतं, पण हसला. म्हणाला, 'आलीस तू. मला ठाऊक होतं येशील म्हणून.'" डामिसनं डोळे मिटले. "आलीस म्हणाला. आलास नाही. नेहमीसारखी थट्टा नव्हती ती. त्याला खरंच वाटलं, मी ती आहे."

मेलित्ता टकळी हातात धरून भिंतीशी उभी होती. टकळी फिरायची थांबली.

"मग?" निकारेतेनं विचारलं.

"मग पलीकडच्या उतारावर घोडेस्वार दिसले. धूळ दिसली. आणि मी... मी पळालो, मावशी. त्यानं माझं मनगट धरलं होतं. मी ते सोडवून घेतलं."

निकारेते अगदी हळू आवाजात म्हणाली, "ऊठ."

"मावशी..."

"ऊठ माझ्या दारातून. तुझे ते डोळे घेऊन पुन्हा या गल्लीत येऊ नकोस."

तो गेला. अंजिरं तशीच राहिली. संध्याकाळी मेलित्ता आईच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आई, त्याला तूच दिसली असशील. 'आलीस' तो तुलाच म्हणाला असेल."

निकारेतेला हे डामिसच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. देवीला हाक मारली असेल तर देवी आली नव्हती. आपल्याला मारली असेल तर आपणही नव्हतो. दोघींपैकी कुणीच नाही, तिथं उरलं होतं एक पळून जाणारं पोर.

दुसऱ्या दिवशी ती गडावर गेली. घरी बसून काय करणार होती? मागावर यंदाच्या वस्त्रातला देवीचा चेहरा कपाळापर्यंत झाला होता. डोळे राहिले होते. मुलींची नेहमीची चिवचिव चालली होती. ख्रिसिल्ला नावाची एक बोलघेवडी पोरगी सांगत होती, देवीनं एकदा म्हणे अख्खी रात्र लांबवली, सूर्याचे घोडेच अडवून धरले. दुसरी म्हणाली, ते काहीच नाही, कुणाला लपवायचं असेल तर ती त्याच्याभोवती धुकं उभं करते, शत्रूला समोरचा माणूस दिसत नाही. "माझ्या काकाच्या बाबतीत झालंय असं," ती म्हणाली, आणि मग निकारेतेकडे लक्ष जाऊन एकदम गप्प झाली.

निकारेते डोळ्यांसाठी घारा धागा ओवत होती. धुकं देवीला करता येतं, रात्र लांबवता येते. मग एका ओढ्यावर थोडंसं धुकं पाडायला काय झालं होतं? रागानं असं विचारता विचारता तिला एकदम वाटलं, हिला आई कुठं आहे? ही बापाच्या डोक्यातून निघाली, एकदम मोठी, चिलखतासकट. हिला कुणी पोटात वाढवलं नाही. तापात कुणी उशाशी बसलं नाही. हिच्यापाशी सगळं आहे, पण मी जे मागत होते ते हिनं कधी बघितलेलंच नाही. ते हिला समजणार कसं?

तिनं डोळे विणून टाकले. हात सवयीचे होते.

देवीच्या खाली, तिच्या पायाशी पडलेला दैत्य विणायचं काम मेलित्ताकडे होतं. पोरगी हुशार, आईची बोटं घेऊन आलेली. हल्ली ती मागावर कुणाला जवळ येऊ देत नव्हती. दुपारी बाकीच्या जेवायला सावलीत गेल्या की एकटीच बसायची. निकारेतेला वाटलं, दुःख विसरायला करते आहे, करू दे.

एका दुपारी ती भाकरी घेऊन मेलित्तापाशी गेली आणि तिथंच खिळली. देवीच्या पावलाखाली अरिस्तिओन होता. जुळलेल्या भुवया. लहानपणी पायरीवरून पडून तुटलेला पुढचा दात. वर बघणारे डोळे, आणि तोंड थोडं उघडं, हाक मारताना असतं तसं.

निकारेते खाली बसली. कितीतरी दिवस तो चेहरा तिच्या मनात नीट जुळत नव्हता. आता समोर होता. तिनं दातावरून बोट फिरवलं.

पाठीमागं काठीचा आवाज आला. देवळाची म्हातारी पुजारीण रोजच्यासारखी काम बघायला आली होती. ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

"हा दैत्य वाटत नाही," ती म्हणाली. "कुणाचा तरी मुलगा वाटतो."

मेलित्ताचा चेहरा पांढरा पडला. देवीच्या वस्त्रात माणसाचा चेहरा, तोही दैत्याच्या जागी. शहराला कळलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. पुजारीण निकारेतेकडे वळली. "माझी नजर आता अधू झाली, बाई. बारीक काम मला दिसत नाही. तुझं तू बघ." आणि काठी टेकत निघून गेली.

ती पुरती दूर गेल्यावर मेलित्ता बोलली. "राहू दे ना गं, आई. त्याचं थडगं नाही, हाडं नाहीत. निदान इथं तरी राहील. देवी रोज बघेल त्याला. बघू दे की तिला."

"अगं, पण कुठं ठेवलंस त्याला? तिच्या पायाखाली?"

"तिथंच तर आहे तो."

निकारेतेनं पोरीला जवळ ओढलं. दोघी तशाच बसल्या. शेवटी निकारेते म्हणाली, "तो तिचा वैरी नव्हता, मेलित्ता. ती येणार म्हणून हसत होता तो. मी त्याला तिच्या टाचेखाली ठेवणार नाही. वर्षानुवर्षं, जुन्या वस्त्रांच्या पेटीत घडी घालून... नाही."

"मग मी उसवू?"

"नको. माझा आहे तो."

वरून खाली विणलेलं, त्यामुळे उसवताना हनुवटी आधी निघाली. मग तोंड, मग तो दात. धागा ओढला की एक ओळ जायची. ती घाईनं करू शकत होती, पण तिनं एकेक ओळ सावकाश काढली. डोळ्यांपाशी तिचा हात थांबला तो पुढं जाईना. तेव्हा मेलित्तानं आईच्या हातावर हात ठेवला, आणि त्या दोन ओळी दोघींनी मिळून काढल्या. मग उभे धागे तेवढे राहिले, आणि त्यांच्यातून पलीकडची भिंत दिसू लागली.

त्या जागी मेलित्तानं दाढीवाला, बटबटीत डोळ्यांचा दैत्य विणला. उत्सवाच्या दिवशी वस्त्र जहाजाच्या आकाराच्या गाड्यावर शिडासारखं उभारून शहरातून नेलं. लोक ओरडत होते, बोट दाखवत होते. ख्रिसिल्लाची आई निकारेतेला म्हणाली, "काय गं तेज आणलंस देवीच्या डोळ्यांत!" निकारेतेनं मान हलवली. बळी दिलेल्या गाईंचं मांस वाटायला सुरुवात झाली तेव्हा ती मेलित्ताला घेऊन घरी निघून आली.

दिवस मावळायच्या सुमाराला दारात डामिस उभा होता. उंबऱ्याच्या बाहेर, हातात पानात बांधलेला त्याच्या वाटणीचा मांसाचा तुकडा.

"ठेवून जातो, मावशी. आत येत नाही."

निकारेतेनं त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे खोल गेले होते. पंचविशीही गाठली नव्हती, पण म्हाताऱ्यासारखा वाकला होता. याच्या आईला हा परत मिळाला, असं तिच्या मनात आलं. परत मिळाला, पण असा.

"ये," ती म्हणाली. "बस."

तो बसला, आणि लगेच खाली मान घालून सुरू झाला, "मावशी, मी त्या ओढ्यावर..."

"ते नको." तिनं हात वर केला. "ते पुन्हा कधी माझ्यापुढं काढू नकोस. त्याच्या आदल्या दिवशी काय जेवलात ते सांग."

डामिस गोंधळला. "आदल्या दिवशी? काय... जवाची भाकरी होती. खारवलेला मासा. कांदा."

"कांदा खाल्ला त्यानं?"

"नाही. माझ्याकडे ढकलला. म्हणाला, माझ्या आईला अजून कळलेलं नाही, मला कांदा आवडत नाही."

निकारेतेच्या तोंडून हसू फुटलं, आणि ते मध्येच कुठेतरी मोडलं. तिनं पदर तोंडावर धरला. मेलित्ता चुलीपासून उठून आली आणि भावाच्या दोस्तासमोर जमिनीवर बसली.

"अजून सांग," ती म्हणाली. "जेवल्यावर काय केलंत?"