पिन दोन, पिन तीन

माझ्या आईचा आवाज तुम्ही खाल्लात, साहेब. वर भर मैदानात माइकवरून सांगितलंत, "वयोमानाने गळा राहत नाही." खोटं बोललात.

माझी आई ऑलिव्ह. मरोळ गावठाणात लग्नाआधी नवरा-नवरीच्या अंघोळीचं उंबराचं पाणी आणायला माणसं विहिरीवर निघाली की पुढे मडक्याच्या घुमटाचा ठेका आणि मागे तिचा आवाज. बँडवाले हात आवरून उभे राहायचे. मग घशात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाले डॉक्टर. तेवढ्यात सरकारी सांस्कृतिक खात्याकडून तुम्ही उगवलात. लोकगीतांचं जतन! ऑपरेशनच्या आधी गाऊन घ्या, म्हणालात.

"गाते ना," आई म्हणाली. "नंतर मुकी बसायचंच हाय."

साकीनाक्याला प्रीतमचा स्टुडिओ आहे. खोली त्याची घेतलीत, पण मशीन, माइक, वायरी सगळं खात्याचं. आईसमोर दोन माइक, घुमटाला एक. प्रीतमने आईच्या एका माइकची वायर टेस्टरला लावली आणि मान हलवली.

"सर, ह्या वायरच्या टोकाची कॅनन पिन उलटी सोल्डर केलीय. दोनची तार तीनवर, तीनची दोनवर. माझी वायर घ्या ना."

"आवाज येतोय ना?"

"येतोय. पण एक माइक ढकलणार, दुसरा ओढणार. दोन्ही एकत्र केले की आवाज मेला."

"आमच्या वायरवर खात्याचा स्टिकर आहे. ऑडिटला विचारतात. तुझ्या वायरवर काय आहे?"

"धूळ," प्रीतम म्हणाला.

आई खो खो हसली. तुम्ही नाही हसलात. आणि ती गायली. दुखत होतं तरी गायली, मध्येच थुंकीत रक्त आलं ते पदरात पुसून गायली. तुम्ही हेडफोन लावून मान डोलावलीत. "वा, काय पसरलाय आवाज!" या कानात एक माइक, त्या कानात दुसरा. पसरणारच.

मैदानातल्या कार्यक्रमासाठी तुम्ही दोन्ही माइक एकात मिसळलेत आणि भोंग्यावर लावलंत. घुमट ठणठणीत. आणि आई? डब्यात अडकलेल्या माशीएवढी. आमच्या गल्लीतली व्हॅलेन्सिया आन्टी मला म्हणते, "ऑलिव्हचा गळा तेव्हाच गेलेला काय गं?" आई शेजारीच बसलेली. गळ्याला ऑपरेशनचं भोक, त्यावर रुमाल. जिथे जिथे तिचा शब्द यायला हवा, तिथे तिथे ती खुर्चीवर बोटं आपटत होती. एकही जागा चुकली नाही. तेव्हाच तुम्ही माइकवर ते वाक्य बोललात आणि तिला हार घातलात.

तुम्ही दिलेला पेनड्राइव्ह प्रीतमने ऐकला. "यात सगळं मिसळलंय, ॲन्ड्रिया. काही होणार नाही. पण त्यांच्या मशीनमध्ये दोन माइकचे दोन ट्रॅक वेगळे असतील, तर एक उलटा करायचा. एका बटणाचं काम. आई जशीच्या तशी परत."

मी तुमच्या ऑफिसात आले. तुम्ही म्हणालात, "फायनल फाइल तयार आहे. जतन झालेलं आहे." काय जतन झालं? घुमट?

रोज संध्याकाळी मी घरी शिरले की आई दोन बोटं वर करून माझ्याकडे बघते. दोन ट्रॅक. मिळाले का? मी चप्पल काढायच्या निमित्ताने खाली बघते. आता तिला काय सांगू ते तुम्हीच सांगा. ऑडिट नको, फायनल नको, सत्कार तर नकोच. ते दोन ट्रॅक आहेत, की पुसलेत?