ताडकळसच्या थांब्यावरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. तसं पाहिलं तर जुनं आहे ते माझं लोखंड. बाक होऊन मला जेमतेम चार वर्षं झाली. ताडकळसच्या एसटी थांब्यावर, परमेश्वरांच्या रसवंतीशेजारी मी उभा असतो. उभा असतो खरा, पण स्वस्थ कधीच नसतो.

माझे पाय बैलगाडीच्या धावांचे आहेत. लाकडी चाकावर बाहेरून जी लोखंडी पट्टी चढवतात, तिला धाव म्हणतात. सूर्यभान सुतारांनी ती गाडी एका शेतकऱ्यासाठी बनवली होती. ती तयार होईपर्यंत त्याने ट्रॅक्टर घेतला आणि गाडी न्यायला कुणी आलंच नाही. पंधरा वर्षं ती सुतारांच्या अंगणात जू टेकून पडली. साट्याच्या फळ्यांना वाळवी लागली, चाकांचे आरे निखळले. समोरच्या रस्त्यावरून मोटारसायकली जात, टेम्पो जात, आणि मी तिथेच. पळण्यासाठी घडवलेल्या लोखंडाला एकदाही पळू दिलं नाही, तर त्याच्या अंगात चुळबुळ राहून जाते. माझ्यात ती अजून आहे.

सूर्यभानांची मुलगी रेणुका आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकून आली होती. अंगणातल्याच शेडमध्ये ती फाटकं आणि खिडक्यांचे गज बनवायची. परभणीला शिकायला जाताना दोन वर्षं तिने या थांब्यावर उभ्याने काढली होती, म्हणून इथे एक बाक करायचा तिने ध्यास घेतला. एके दिवशी वडील बाजारात गेलेले असताना तिने दोन्ही धावा ओढून काढल्या, कापल्या आणि तापवून वाकवल्या.

वडील परतले. कापलेले तुकडे पाहून हातातली पिशवी तशीच धरून उभे राहिले.

"माझी शेवटची गाडी हुती ती, रेणू."

"दादा, गाडी कुठं राहिली? वाळवीनं खाल्ली की."

"इचारायचं तरी."

एवढं बोलून ते आत गेले. नंतर महिनाभर बाप-लेकीत जेवणापुरतंसुद्धा बोलणं झालं नाही.

रेणुका मात्र थांबली नाही. मला तेलरंग द्यायला तिचं मन घेईना. तिने माझ्यावर मीठ घातलेलं चिंचेचं पाणी शिंपडलं आणि मला ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलं. चार दिवसांत माझ्या अंगभर तांबूस गंज चढला. सारखी खाज सुटल्यासारखं व्हायचं. मग तारेच्या ब्रशने सुटा गंज खरवडून तिने मला तापवलं आणि जवसाचं तेल चोळलं. असं तीनदा केलं. माझा रंग काळ्या गुळासारखा झाला.

रसवंतीवाले परमेश्वर बघायला आले. "अगं, गंजलेल्या लोखंडावर कोण बसंल? कपडे खराब होत्याल."

रेणुकाने आपली पांढरी ओढणी माझ्यावर खसाखसा घासली आणि त्यांच्यापुढे धरली. एकही डाग नव्हता.

पण बसायला फळ्या कुठे होत्या? बाभळीच्या दोन जाड, चांगल्या वाळलेल्या फळ्या वडिलांनी माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. त्या मागायचं धाडस तिला होईना. मी तसाच पडून राहिलो. गाडी नव्हतो आणि बाकही नव्हतो. कोंबड्या येऊन माझ्यावर चढायच्या.

अशात एका सोमवारी सूर्यभान डोळे तपासायला परभणीला निघाले. थांब्यावर गावातल्या म्हाताऱ्या चन्नबसम्मा जमिनीवरच बसल्या होत्या. सगळे त्यांना अम्मा म्हणतात. गुडघ्यांच्या उपचारासाठी त्या दर सोमवारी दवाखान्यात जातात. एसटी आली, पण अम्मांना उठताच येईना. सूर्यभानांनी हात दिला. त्या एका गुडघ्यावर आल्या आणि पुन्हा खाली बसल्या. तेवढ्यात कंडक्टरची घंटी वाजली.

"थांबा की वं!" सूर्यभान ओरडले. गाडी निघून गेली.

"तुमी कामून थांबलाव?" अम्मा म्हणाल्या. "माझं हे नेहमीचंच हाय. कधी गाडी घावती, कधी न्हाई."

हे सगळं मला पुढे अम्मांच्याच बोलण्यातून कळलं. मी पाहिलं ते एवढंच, की सूर्यभान तासाभरात घरी परतले, त्यांनी माळ्यावरून फळ्या काढल्या आणि रंधा मारायला बसले. रेणुका दारातून पाहत होती. मग तीही येऊन माझ्या पट्ट्यांना बोल्टसाठी भोकं पाडू लागली.

"भोक लांबट कर," वडील मान वर न करता म्हणाले.

"बोल्ट हलंल ना, दादा."

"हलू दे. लाकूड पावसात फुगतंय, उन्हात आकसतंय. त्याला सरकायला जागा न्हाई दिली तर चीर पडती." रंधा दोनदा फिरला. "मला वाटलं हुतं, हे लोखंड आता कशालाच लागायचं न्हाई."

रेणुकाने कानस उचलली आणि उगाचच वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला.

बाभूळ लोखंडाला लागून काळी पडू नये म्हणून सूर्यभानांनी मध्ये जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घातल्या. पुढच्या सोमवारी अम्मा माझ्यावर पहिल्यांदा बसल्या. गाडी आली तशा माझ्या काठावर हात टेकून एका दमात उठल्या.

"लय झ्याक केलाव, सूर्यभान!" त्या गाडीच्या पायरीवरून ओरडल्या.

"पोरीनं केलाय, अम्मा!"

येणारे-जाणारे मला हात लावून पाहायचे. त्यातूनच रेणुकाला परभणीत कामं मिळाली आणि बाप-लेकीने तिथेच दुकान थाटलं. सुरुवातीला पावसाळा सरला की ती येऊन माझे नट आवळून जायची. आता कामाच्या धबडग्यात दोन वर्षं तिला जमलेलं नाही. माझ्यावर गुटख्याच्या पिचकाऱ्या उडाल्या, जाहिराती चिकटल्या, कुणी कुणी चाकूने नावं कोरली. ते सगळं मी सोसलं. पण गेल्या आठवड्यात माझा एक नट गळून पडला. या सोमवारी अम्मांनी बसण्याआधी हात टेकून पाहिला, तर मी कलंडलो.

"ह्याच्यावर नगं बाबा," असं म्हणून त्या तासभर खांब धरून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, सगळ्यांसाठी म्हणून जी वस्तू ठेवलेली असते, तिच्याकडे दुसरा कुणीतरी पाहील असं प्रत्येकाला वाटतं. मला नवा रंग नको, कौतुकही नको. एक नट हवा आणि पान्याचे चार वेढे. रसवंतीच्या यंत्रामागे खिळ्याला पाना टांगलेला आहे, मला इथून दिसतो. तुम्ही फक्त परमेश्वरांना सांगा, कारण मला हाक मारता येत नाही. जरा लवकर सांगा. आज शनिवार आहे, आणि सोमवारची गाडी सकाळी साडेआठला येते.